जावा ८ वरून १७ की थेट २१? जुन्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या स्थलांतराचे नियोजन

प्रश्न: तक्तेवाचक

नमस्कार. आम्ही तिघे जण मोकळ्या वेळात एक मुक्तस्रोत जावा प्रकल्प सांभाळतो. तक्त्यांच्या स्वरूपातल्या मोठमोठ्या फायली वाचणे, त्यांतील नोंदी तपासणे आणि त्या दुसऱ्या स्वरूपात लिहिणे, एवढे काम करणारी लायब्ररी हा त्याचा मुख्य भाग आहे. तिच्यावर उभारलेला छोटा सर्व्हर हा दुसरा भाग आणि त्या सर्व्हरसाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेले प्लगइन, ज्यांवर आमचा काहीच ताबा नाही, हा तिसरा. हे सगळे अजून जावा ८ वर आहे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या आवृत्तीवर इतकी वर्षे निभावून नेले, कारण वापरणाऱ्यांपैकी कोणी तक्रार केली नाही. आता मात्र तक्रार आमचीच आहे.

सर्व्हर स्प्रिंग बूट या जावा चौकटीच्या २.७ मालिकेवर चालतो आणि त्या मालिकेला मोफत मिळणाऱ्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबल्या. पुढच्या मालिकेला, म्हणजे ३ ला, किमान जावा १७ लागते. टेस्टच्या लायब्ररींपैकी मॉकिटो ५ ला जावा ११ लागते, जेयुनिट ६ ला १७. आम्ही जागच्या जागी राहायचे ठरवले तरी आजूबाजूची प्रत्येक डिपेंडन्सी (आम्ही वापरतो ती बाहेरची लायब्ररी) जुन्या शाखेवर अडकून पडते आणि तिच्यातली एखादी सुरक्षात्रुटी उघड झाली, की ती निस्तरण्याचे काम आमच्याच गळ्यात येते.

मागच्या आठवड्यात जावा १७ वर बिल्ड, म्हणजे कोड कंपाइल करून बांधण्याची प्रक्रिया, चालवून पाहिले. पहिल्याच पायरीवर लोंबोकने, म्हणजे साचेबद्ध कोड आपोआप तयार करणाऱ्या साधनाने, मान टाकली. त्याची आवृत्ती वाढवल्यावर ‘क्लास फाइलची प्रमुख आवृत्ती ६१ ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला (क्लास फाइल म्हणजे कंपाइल झालेला जावा कोड), आणि तोही मार्गी लावल्यावर टेस्टमध्ये इनअ‍ॅक्सेसिबल-ऑब्जेक्ट एक्सेप्शनची, म्हणजे बंद भागाला हात लावल्यावर येणाऱ्या चुकांची, रांग लागली. तिथे मी थांबलो, कारण दिसेल ती चूक दुरुस्त करत पुढे जाणे आणि नियोजन करून पुढे जाणे यांत फरक आहे, हे मला आधीच्या एका प्रकल्पात चांगलेच महागात पडून कळले आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. ८ वरून ११, मग १७ असे टप्प्याटप्प्याने जावे की एकदम उडी घ्यावी? मुक्काम १७ वर करावा की २१ वर? आणि जे वापरकर्ते अजून जावा ८ वर आहेत आणि ज्यांची संख्या आम्हाला मोजता येत नाही, त्यांचे काय करावे?


उत्तर: बांधणीकार

तुमच्या प्रश्नात ‘जावाची आवृत्ती’ हा एकच शब्दप्रयोग तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी आला आहे, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच आहे. कोणत्या जेडीकेने (जावाच्या विकाससंचाने) बिल्ड करायचे हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. प्रोग्रॅम कोणकोणत्या जेव्हीएमवर (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालतो हा टेस्टचा प्रश्न आहे. किमान कोणती आवृत्ती लागेल हे मात्र वापरकर्त्यांना दिलेले वचन आहे. या तिन्ही गोष्टी एकाच कमिटमध्ये (एका नोंदवलेल्या बदलात) बदलायच्या नसतात. वचन सगळ्यांत शेवटी बदलायचे.

म्हणून पहिले काम असे, की आजच्याच बिल्डमधून निघालेली जार फाइल (कंपाइल झालेल्या कोडचे गाठोडे), तिच्यात काही न बदलता, ११, १७ आणि २१ वर चालवून पाहावी. इथे ११ हा मुक्काम नाही, पण तो मुद्दाम गाळू नका. जावा ९ पासून १५ पर्यंत जेडीकेच्या आतल्या वर्गांना रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरून शोधून, हात लावला, तर नुसती सूचना छापली जात असे. १६ मध्ये मूळ वर्तनच नकाराचे झाले आणि १७ मध्ये जुनी मोकळीक परत देणारा पर्याय निकामी झाला. त्यामुळे १७ वर जे तुम्हाला एकामागून एक एक्सेप्शन म्हणून भेटले, ते ११ वर तुम्हाला न थांबवता सूचनांच्या रूपाने मिळेल. मूळ सेटिंगमध्ये ही सूचना पहिल्या उल्लंघनाला एकदाच येते, म्हणून इल्लीगल-अ‍ॅक्सेस हा पर्याय ‘वॉर्न’ किंवा ‘डीबग’वर ठेवून टेस्ट चालवा, म्हणजे पूर्ण यादी हाती येईल. याखेरीज जेडेप्स हे साधन जेडीकेसोबतच येते. ते बाइटकोड, म्हणजे क्लास फाइलमधला कंपाइल झालेला कोड, वाचून तुमची लायब्ररी आणि तिच्या डिपेंडन्सी कोणत्या अंतर्गत वर्गांना थेट हाक मारतात ते सांगते. रिफ्लेक्शनने केलेला वापर त्याला दिसत नाही, म्हणून दोन्ही याद्या लागतात.

११ वर एक गोष्ट वेगळी मोडेल. जॅक्सबी, जॅक्स-डब्ल्यूएस, कॉर्बा हे एक्सएमएल, वेब-सेवा आणि दूरच्या प्रोग्रॅमशी संवाद यांसाठीचे भाग त्या आवृत्तीत जेडीकेतून काढून टाकले गेले. एक्सएमएलसाठी जॅक्सबी वापरत असाल, तर ती आता स्वतंत्र डिपेंडन्सी म्हणून लिहावी लागेल. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते जावा ८ वर असतानाच करून ठेवता येते. स्क्रिप्ट चालवण्यासाठी नॅशहॉर्न वापरले असेल, तर तेही १५ मध्ये गेले, हे लक्षात ठेवा.

तुम्हाला दिसलेला ६१ हा आकडा जावा १७ च्या क्लास फाइलचा आहे. ८ चा ५२, ११ चा ५५ आणि २१ चा ६५. हा संदेश जवळजवळ नेहमी बाइटकोड स्वतः वाचणाऱ्या साधनांकडून येतो: एएसएम, बाइट बडी, टेस्टची व्याप्ती मोजणारे जाकोको. लोंबोकची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण ते कंपाइलरच्याच आतड्यात हात घालते. १७ साठी त्याची किमान १.१८.२२ आणि २१ साठी १.१८.३० ही आवृत्ती हवी. ही सगळी साधने आजच वाढवून घ्या. त्यांपैकी बहुतेकांच्या नव्या आवृत्त्या अजूनही जावा ८ वर चालतात, त्यामुळे हा बदल नेहमीच्या छोट्या रिलीजमध्ये बसतो आणि ‘स्थलांतर’ या नावाखाली त्याला ताटकळत ठेवण्याचे कारण उरत नाही.

मग येते दुसरी पायरी: बिल्ड १७ ने करायचे, पण निघणारी जार जावा ८ वर चालणारी ठेवायची. या पायरीवर मी स्वतः ठेचकाळलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुन्या बिल्ड फाइलींमध्ये सोर्स आणि टार्गेट असे दोन पर्याय ८ वर ठेवलेले असतात आणि तेवढे पुरेसे आहे असे वाटते. ते पुरेसे नाही. टार्गेट फक्त क्लास फाइलचे स्वरूप ठरवते. कंपाइल करताना पाहिले जाणारे वर्ग मात्र नव्या जेडीकेचेच राहतात. आमच्या लायब्ररीत बाइटबफरवर फ्लिप ही मेथड शेकडो ठिकाणी होती. जावा ८ मध्ये ती बफर या वरच्या वर्गाकडून आलेली होती आणि बफर परत देत असे; जावा ९ मध्ये बाइटबफरला तिची स्वतःची फ्लिप मिळाली, जी बाइटबफर परत देते. नव्या जेडीकेने कंपाइल केल्यावर क्लास फाइलमध्ये या दुसऱ्या मेथडची सही नोंदली गेली. आमच्या सगळ्या टेस्ट १७ वर हिरव्या होत्या, रिलीज झाले, आणि जावा ८ वरच्या प्रत्येक वापरकर्त्याला पहिल्याच फायलीला ‘अशी मेथड नाही’ ही चूक मिळाली. त्याच रात्री रिलीज मागे घेतले. उपाय एका शब्दाचा होता: जावा ९ पासून कंपाइलरला रिलीज नावाचा पर्याय आहे, आणि तो ८ ठेवला, की कंपाइलर जावा ८ चीच अधिकृत एपीआय (वापरायला खुल्या वर्गांचा आणि मेथडींचा संच) समोर धरतो. त्यात सन-मिस्क-अनसेफसारखे अंतर्गत वर्ग दिसेनासे होतात आणि काही फायली कंपाइलच होत नाहीत. मला तो फायदा वाटतो, कारण ज्या गोष्टी जेडेप्सने दाखवायच्या त्या कंपाइलरच दाखवतो.

एकदा बांधलेली तीच जार ८, ११, १७ आणि २१ या चारही रनटाइमवर सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) टेस्ट व्हायला हवी. चार वेळा चार जेडीकेंनी बांधून चार वेळा टेस्ट करणे म्हणजे लोकांच्या हाती न जाणाऱ्या जार तपासणे. मेव्हन आणि ग्रेडल या दोन्ही बिल्ड-साधनांत टूलचेनची (कोणत्या कामाला कोणता जेडीके ते ठरवण्याची) सोय आहे, तिने हे जमते. या काळात टेस्टसाठी जेयुनिट ५ आणि मॉकिटो ४ वर राहा. दोन्ही जावा ८ वर चालतात.


उत्तर: रात्रपाळी

बांधणीकारांनी लायब्ररीचे सांगितले. मी सर्व्हर चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

जावा १७ वर कोड बिनचूक असूनही सर्व्हर सुरूच न होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सुरू करणारी स्क्रिप्ट. मॅक्स-पर्म-साइझ हा स्मृतीच्या एका भागाची मर्यादा ठरवणारा पर्याय जावा ८ मध्येच निरर्थक झाला होता, पण तेव्हापासून जेव्हीएम सूचना छापून पुढे जात असे. १७ मध्ये तो अनोळखी ठरतो आणि जेव्हीएम उभाच राहत नाही. सीएमएस हा गार्बेज कलेक्टर (न लागणारी स्मृती मोकळी करणारा भाग) १४ मध्ये काढला गेला. गार्बेज कलेक्शनची नोंद लिहिणारे जुने पर्याय ९ मध्ये बदलले आणि त्यांतल्या काहींमुळे प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळतो. प्रकल्पासोबत तुम्ही देत असलेली स्क्रिप्ट तुम्ही दुरुस्त कराल, पण लोकांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या पर्यायांची जी भर घातलेली असते ती तुमच्या हातात नाही, म्हणून रिलीजच्या टिपणात या पर्यायांची नावे स्पष्ट लिहा. ‘काही जुने जेव्हीएम पर्याय चालणार नाहीत’ हे वाक्य वाचून कोणीही आपली स्क्रिप्ट उघडत नाही.

आता १७ की २१. बहुतेक प्रकल्पांना या दोहोंत फारसा फरक जाणवत नाही, पण तुमची लायब्ररी फायली वाचते, आणि म्हणून तुमच्यासाठी १७ आणि २१ यांच्या मध्ये असलेली १८ ही आवृत्ती महत्त्वाची आहे. जावा १८ पासून मूळ कॅरेक्टर-सेट, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, सगळ्या यंत्रणांवर यूटीएफ-८ झाला. त्याआधी तो ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्या भाषेच्या सेटिंगवरून ठरत असे. म्हणजे तुमच्या कोडमध्ये कुठेतरी फाइलरीडर कॅरेक्टर-सेट न सांगता उघडला असेल, तर विंडोजवर वर्षानुवर्षे जुन्या कोड-पेजमध्ये लिहिलेल्या फायली १७ वर नीट वाचल्या जातील आणि २१ वर त्याच फायलींतील अक्षरे बिघडतील. एक्सेप्शन येणार नाही, टेस्ट लाल होणार नाही. वापरकर्त्याच्या तक्त्यात चुकीची अक्षरे बसतील आणि ती कदाचित काही महिन्यांनी लक्षात येतील. उलट दिशेनेही हेच, लिहिताना.

याची तयारी आजच्या आवृत्तीवर करता येते. सगळा कोड धुंडाळून जिथे जिथे मजकूर आणि बाइट यांची अदलाबदल होते, तिथे कॅरेक्टर-सेट स्पष्ट लिहा. गेटबाइट्सची रिकामी हाक, फाइलरायटर, प्रिंटस्ट्रीम आणि स्कॅनर या चार जागा हमखास सापडतात. मग १७ वर फाइल-एनकोडिंगचा गुणधर्म यूटीएफ-८ देऊन सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा. २१ वर जे घडणार आहे त्याची ती रंगीत तालीम होते. ज्यांना २१ वर काही काळ जुने वर्तन हवे असेल, त्यांच्यासाठी त्याच गुणधर्माला ‘कॉम्पॅट’ ही किंमत देता येते.

जाता जाता आणखी एक. तारखा आणि वेळा लोकेलनुसार (भाषा आणि प्रदेशानुसार) लिहिणाऱ्या टेस्ट असतील, तर त्या दोनदा मोडतील. ९ मध्ये लोकेलची माहिती मूळतः सीएलडीआर या संग्रहातून घेतली जाऊ लागली, आणि २० मध्ये तो संग्रह ४२ व्या आवृत्तीवर गेल्यावर इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन तिथे न तुटणारी अरुंद मोकळी जागा आली. अपेक्षित आणि प्रत्यक्ष या दोन ओळी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात आणि टेस्ट तरीही लाल राहते. मी एक अख्खी दुपार त्या दोन ओळींकडे पाहत घालवली आहे.


उत्तर: दोनशाखी

वरची दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत, पण तुम्ही तिघेच आहात, तेही मोकळ्या वेळात काम करणारे, हे दोघांच्याही नजरेतून सुटलेले दिसते. चार रनटाइमवरच्या टेस्ट लावणे सोपे आहे. त्यांतल्या एकावर काही मोडले, की ते पाहायला माणूस लागतो. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवा, बाकीची त्यातून निघतील.

लायब्ररी आणि सर्व्हर यांना एकच किमान आवृत्ती असण्याची काही गरज नाही. संदेशवहनाच्या अपाची काफ्का या प्रकल्पाने मार्च २०२५ मध्ये ४.० काढताना नेमके हेच केले: ब्रोकरला (सर्व्हरच्या भागाला) जावा १७ लागते, पण क्लायंटला ११ पुरते, कारण ब्रोकर चालवणाऱ्याला जेडीके निवडता येतो, तर क्लायंट दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये पाहुणा म्हणून जातो. तुमचा सर्व्हर १७ वर न्या, त्याला पर्यायच नाही. लायब्ररी मात्र अजून काही काळ ८ वर ठेवता येईल, आणि बांधणीकारांनी सांगितलेल्या रिलीज पर्यायामुळे त्यासाठी वेगळी शाखाही लागणार नाही. कायमची मात्र ठेवू नका. २१ च्या कंपाइलरने ८ साठी बांधताना ‘ही किंमत कालबाह्य असून पुढे काढली जाईल’ अशी सूचना द्यायला सुरुवात केली आहेच.

लायब्ररीची किमान आवृत्ती वाढवाल तेव्हा ते मोठे रिलीज असू द्या, म्हणजे पहिला आकडा बदला, आणि जुन्या शाखेला फक्त सुरक्षादुरुस्त्या मिळतील, त्याही अमुक तारखेपर्यंत, असे त्याच दिवशी लिहून टाका. मी ज्या प्रकल्पात होतो तिथे ‘शक्य तितका काळ’ असे लिहिले होते. तो शक्य तितका काळ साडेचार वर्षे चालला. प्रत्येक दुरुस्ती दोनदा लिहायची, आणि जुन्या शाखेवर लॅम्डाखेरीज काही चालत नाही म्हणून नव्या शाखेवरही रेकॉर्ड किंवा टेक्स्ट-ब्लॉक यांसारख्या भाषेच्या नव्या सोयी वापरायच्या नाहीत, कारण दुरुस्ती तिकडे नेताना त्रास होतो! नवी आवृत्ती घेऊनही आम्ही जुनीच भाषा लिहीत राहिलो.

२१ च्या बाबतीत माझे मत असे, की व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी खूप कामे चालवण्यासाठीचे हलके थ्रेड) खरोखर हवे असतील तरच २१ ही किमान आवृत्ती करा. शोधाची लायब्ररी असलेल्या ल्युसीनच्या १० व्या आवृत्तीने २१ मागितले, पण त्यांच्याकडे जेव्हीएमच्या नव्या सोयींतून कामाचा वेग काढायचे ठोस कारण होते. तुमचा सर्व्हर १७ ही किमान अट ठेवून २१ वर किंवा सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या २५ वरही चालवता येतो. ज्याला नवे हवे त्याने खुशाल चालवावे.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: तक्तेवाचक

तिघांचेही मनापासून आभार. आठवडाभर यावर काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

११ वर सूचना पूर्ण चालू ठेवून टेस्ट केल्यावर एकोणीस वेगवेगळी ठिकाणे निघाली, आणि त्यांतली सतरा आमची नव्हतीच. ती सगळी एकाच जुन्या सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट बाइटमध्ये साठवणाऱ्या) लायब्ररीची होती. तिची नवी आवृत्ती घेतल्यावर फक्त दोन राहिली. मागच्या आठवड्यात मी १७ वर जी रांग पाहून घाबरलो, ती खरे तर एकाच दारासमोरची होती.

कॅरेक्टर-सेटबद्दलचा इशारा मात्र नेमका लागला. फायली वाचण्याच्या मुख्य मार्गावर आम्ही तो स्पष्ट दिलेला होता, पण चुकीच्या नोंदींचा अहवाल लिहिणारा भाग साध्या फाइलरायटरवर होता. म्हणजे माहिती बरोबर वाचली गेली असती आणि तिच्यातली चूक दाखवणारी ओळ बिघडली असती.

लायब्ररी ८ वर आणि सर्व्हर १७ वर ही विभागणी आम्हा तिघांना पटली आहे. लायब्ररीच्या जुन्या शाखेची अखेरची तारीख पुढचे मोठे रिलीज झाल्यापासून १२ महिने अशी ठरवली. दोन शंका उरल्या आहेत. लायब्ररी ८ वर ठेवून नव्या जावाची सोय काही ठिकाणी घेण्यासाठी मल्टी-रिलीज जार करावी का? आणि राहिलेल्या दोन ठिकाणांसाठी अ‍ॅड-ओपन्स (जेडीकेचे बंद भाग मुद्दाम उघडणारा पर्याय) वापरून तूर्त वेळ मारून न्यावी का?


उत्तर: बांधणीकार

मल्टी-रिलीज जारमध्ये एकाच वर्गाच्या दोन आवृत्त्या ठेवाव्या लागतात आणि टेस्ट, डीबगर, आयडीई यांपैकी कोणीतरी एक नेहमी चुकीची आवृत्ती पाहत असतो. एखाद्या छोट्या, बंदिस्त वर्गासाठी ती ठीक आहे, सर्रास वापरायला नाही. त्याऐवजी मॅनिफेस्टमध्ये (जारमधल्या माहितीच्या फाइलीत) ऑटोमॅटिक-मॉड्यूल-नेम ही एक ओळ तेवढी टाका. जावा ८ तिच्याकडे दुर्लक्ष करते, आणि मॉड्यूल वापरणाऱ्यांना तुमच्या लायब्ररीचे नाव जार फायलीच्या नावावरून अंदाजाने घ्यावे लागत नाही.

अ‍ॅड-ओपन्सचे उत्तर त्या दोन जागा कुठे आहेत त्यावर अवलंबून आहे. सर्व्हरमध्ये असतील, तर सुरू होणाऱ्या मुख्य जारच्या मॅनिफेस्टमध्ये तशी नोंद करता येते आणि वापरकर्त्याला काही करावे लागत नाही. लायब्ररीत असतील, तर तिच्या मॅनिफेस्टमधली नोंद जेव्हीएम वाचतच नाही, आणि तुमच्या सोयीसाठी दुसऱ्याने आपल्या आदेश-ओळीत भर घालावी असा त्याचा अर्थ होतो. लायब्ररीतल्या जागा दुरुस्तच करा.


उत्तर: रात्रपाळी

प्लगइनचा विषय कोणीच काढला नाही, आणि तुमच्या यादीतले सर्वांत अवघड काम तेच ठरण्याची शक्यता आहे. जावा ८ ने कंपाइल केलेला प्लगइन १७ वर चालतो, त्याची चिंता नाही. पण स्प्रिंग बूट ३ सोबत जाव्हाएक्स हे नामक्षेत्र जाऊन जकार्ता येते, त्यामुळे सर्व्हलेटचा (वेब-विनंत्या हाताळणाऱ्या जावा भागाचा) फिल्टर किंवा विनंतीचा वर्ग थेट वापरणारा प्रत्येक प्लगइन लोड होतानाच मोडेल, आणि ते लिहिणारे लोक तुमच्या सीआयमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी सर्व्हरच्या मोठ्या रिलीजआधी किमान एक प्राथमिक आवृत्ती काढा, आणि ज्यांचा मूळ कोड आता कोणी सांभाळत नाही, अशा प्लगइनांच्या जार टॉमकॅट या वेब-सर्व्हरच्या जकार्ता स्थलांतर साधनातून काढून पाहा. ते बाइटकोडमधली नावे बदलते.

तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये हा बदल करताना जाव्हाएक्सच्या जागी सरसकट जकार्ता असे शोधून बदलू नका. जाव्हाएक्स-एसक्यूएल, जाव्हाएक्स-क्रिप्टो आणि एक्सएमएलचे पार्सर ही पॅकेजेस जेडीकेचीच आहेत आणि त्यांची नावे तशीच राहतात. कोड आपोआप बदलणाऱ्या ओपनरीराइट या साधनाच्या तयार कृती हा फरक पाळतात. त्या चालवा आणि निघालेला बदल ओळ न ओळ वाचूनच मुख्य शाखेत घ्या.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: तक्तेवाचक

आत्ताच पाहिले. आमच्या माहितीतल्या अकरा प्लगइनांपैकी चार सर्व्हलेटचे वर्ग थेट वापरतात, आणि त्यांतल्या एकाच्या लेखकाने चार वर्षांत एकही कमिट केलेला नाही. बाकी तिघांना आज रात्री लिहितो. या चौथ्याची जार साधनातून काढून, त्यातून काय निघते ते इथेच कळवतो.